पार्टिशन

पहाटेचे तीन-साडेतीन झाले असतील. भिंतीवर दोनदा टकटक झाली आणि डोळे न उघडताच मी पाय खाली सोडून बादली चाचपायला लागले. बादली कुठून असणार! पायाला शहाबादीऐवजी गार, घोटीव मोझॅइक लागलं. खिडकीच्या लाकडी झडपांतून रस्त्यावरच्या दिव्याच्या पिवळ्या रेघा पलंगावर पडल्या होत्या. मग एकेक गोष्ट जागेवर येत गेली. मी इटलीत होते, बोलोन्यात, एका टू स्टार हॉटेलच्या सोळा नंबरच्या खोलीत. आणि गेला तासभर मी खोकत होते. म्हणजे ती टकटक माझ्यासाठी होती. ‘बाई, पुरे करा आता’ अशी होती, की ‘बऱ्या आहात ना?’ अशी? मी उशीत तोंड खुपसून उरलेला खोकला गिळत राहिले. घशात खरखर आणि मनात चोरटेपणा, अशी ती रात्र गेली. या गोष्टीला आता दीड वर्ष झालं, पण रात्री कधी खोकल्याची उबळ आली की अजूनही माझा कान आधी भिंतीकडे जातो.

बोलोन्याला जायचं कारण चिरंजीव. तो तिथे शिकायला होता. स्टेशनच्या मागच्या बोलोन्यीना भागात चौघांनी मिळून घेतलेल्या घरातल्या अर्ध्या खोलीत तो राहायचा. अर्धी म्हणजे खरोखरच अर्धी. एका खोलीत दोन पलंग, त्यातला एक याचा. त्या अर्ध्या खोलीचं भाडं इथे लिहीत नाही, माझा रक्तदाब वाढतो. घरमालकाचा दंडक असा की रात्री मुक्कामाला पाहुणे चालणार नाहीत, आणि पाहुण्यांत आईसुद्धा आली. तेव्हा आठ रात्रींसाठी हॉटेल शोधणं आलं. ‘चेन्त्रो स्तोरिको’, जुन्या गावाच्या अगदी मधोमध, आणि वर स्वस्त. हे शब्द पुण्यात बसून फोनवर वाचताना फार गोड वाटतात. प्रत्यक्षात बॅगेची चाकं दगडी फरसबंदीवर खडखडवत, सगळ्या गल्लीला आपण आल्याची वर्दी देत, एका प्रचंड दरवाजासमोर येऊन थांबायचं. त्या दरवाजाच्या पोटात एक छोटं दार, थेट आपला दिंडी दरवाजा. बाजूला पितळी पाटी, तिच्यावर दोन तारे. आत लिफ्ट आहे, पण तिच्यात एक तर बॅग मावते नाही तर मी. मी बॅगेला आधी वर पाठवलं आणि मागून जिन्याने धापा टाकत गेले.

तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार होतं. मुलाने बोटाच्या पेराने ते वाजवलं तशी आतून हाक आली, “आवांती!” म्हणजे आत या, तो म्हणाला, हा एक शब्द लक्षात ठेव, जन्मभर पुरेल. आत सत्तरीच्या एक बाई. केस नीट सेट केलेले, खांद्यावर लोकरी शाल, चष्मा साखळीला. त्यांनी पासपोर्ट घेतला, नाव एकेक अक्षर करून टिपलं. इटलीत प्रत्येक पाहुण्याची माहिती पोलिसांना कळवावी लागते, त्यामुळे हे काम त्या फार गांभीर्याने करत होत्या. शहराचा मुक्काम-कर रोख मोजून घेतला. मग किल्ली दिली. किल्ली कसली, वाण्याच्या तराजूतलं पितळी वजन, त्याला चुकून एक किल्ली अडकवलेली. बाहेर जाताना ती काउंटरवर ठेवून जायची. विसरून पर्समध्ये टाकलीच तर खांदा दुखून आठवण होईल, असा हिशेब. मला हे आवडलं. कार्ड टेकवून हिरवा दिवा लागणाऱ्या दारांनी मला कधी घरी आल्यासारखं वाटू दिलेलं नाही.

बोळात चौदा, पंधरा, सोळा आणि मग एकदम अठरा. सतरा नंबर गाळलेला. मुलाने सांगितलं, इटलीत सतरा अपशकुनी, कारण रोमन आकड्यांतल्या सतराची अक्षरं उलटसुलट केली की लॅटिनमध्ये ‘मी जगलो’ असा शब्द होतो. मी जगलो, म्हणजे आता नाही. मला गंमत वाटली. पुढे आठ रात्री माझ्या आणि अठरा नंबरच्या मध्ये ती अख्खी सतरा नंबरची खोली असायला हवी होती. प्रत्यक्षात होती अंगठ्याएवढ्या जाडीची एक भिंत.

त्या भिंतीची खरी ओळख झाली ती पहिल्या दुपारी, पलंगावर आडवी झाल्यावर. खोली अरुंद होती आणि छत तिच्या मानाने वेड्यासारखं उंच. एखादी पेटी उभी करून तिच्यात आपल्याला ठेवावं तसं. एका कोपऱ्यात प्लास्टिकचा खोका बसवून न्हाणीघर काढलेलं. त्यात शॉवर, बेसिन, कमोड आणि गुडघा आपटेल इतक्या जवळ बिडे, म्हणजे बसून धुवायचं बुटकं बेसिन. बिडे मात्र होतं. परदेशात ते पाहून आपल्या माणसाला जो दिलासा वाटतो त्याबद्दल उघड कोणी बोलत नाही. पण मी सांगत होते छताबद्दल. छतावर चित्र होतं. फिकट झालेलं निळं आभाळ, कडेने पानाफुलांची माळ, आणि दोन गुबगुबीत, पंखवाली बाळं एक गुलाबी फीत दोन्ही हातांनी ओढत होती. पूर्ण जोर लावून, गाल फुगवून. फीत हवेत लहरत भिंतीपर्यंत जात होती आणि भिंतीत शिरत होती. तिथेच चित्र संपत होतं. माळ तुटत होती आणि आभाळही. बाळं कोणाशी रस्सीखेच खेळत होती ते पलीकडच्या खोलीत होतं.

तो एक मोठा दिवाणखाना होता आणि मी त्याच्या एका फाकेत झोपत होते.

बाईंनी दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी हातवारे करून आणि मुलाच्या दुभाषेपणाच्या आधाराने सांगितलं की हा मजला कोण्या बड्या घराण्याचा होता, त्यांच्या वडिलांनी युद्धानंतर तो घेतला आणि खोल्या पाडल्या. ‘खोल्या पाडल्या’ हे माझं मराठी. पण त्यांनी हाताने हवेत उभी सुरी चालवून दाखवली, अगदी तशीच, जशी माझी आजी चालवायची. “तुमच्या आजेसासऱ्यांनी मध्ये पार्टिशन घातलं,” असं आईला सांगताना आजीचा हात असाच वरून खाली यायचा.

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. त्यातली पुढची म्हणजे जुन्या दिवाणखान्याचा अर्धा भाग. वर सागवानी तक्तपोशी, तिच्यावर कोरलेली कमळं. साडेतीन कमळं आमच्याकडे, बाकीची शेजारच्या काकूंकडे. मधलं पार्टिशन खालून फळ्यांचं आणि वर पत्र्याचं. तक्तपोशीत झोपाळ्याच्या चार पितळी कड्या होत्या. दोन आमच्या बाजूला, दोन काकूंच्या. मालकांचा झोपाळा कधीच विकला गेला होता. पण असता तरी तो टांगायचा तर दोन बिऱ्हाडांतून टांगावा लागला असता. आमच्या दोन कड्यांना आईने वाळणीची दोरी बांधली होती, काकूंनी त्यांच्या कड्यांना आधी पाळणा आणि मग कित्येक वर्षं कांद्याची जाळी. त्या पार्टिशनला कान होते, नाक होतं आणि तोंडही होतं. काकूंच्या घरी फोडणीत लसूण पडला की आमच्याकडे भूक लागायची. बाबा हळू आवाजात पगाराचा हिशेब करायचे, कारण तो पलीकडे ऐकू जायचा. आणि टकटकीची एक भाषा होती. एकदा म्हणजे कोणी आहे का घरात. तीनदा म्हणजे रेडिओ बारीक करा. दोनदा म्हणजे नळ आला. साडेचारला चौकातल्या नळाला पाणी यायचं. ज्या बिऱ्हाडाला आधी जाग येईल त्याने शेजारच्या फळीवर दोनदा वाजवायचं, त्यांनी पुढच्या. अर्ध्या मिनिटात टकटक वाडाभर फिरून यायची आणि बायका-पोरं हंडे-बादल्या घेऊन डोळे चोळत चौकात. वाडा पाडून बिल्डिंग झाली त्याला तीस वर्षं होतील. कान अजून तिथेच राहतो.

बोलोन्याविषयी सगळे तिथल्या कमानींच्या पडव्यांबद्दल लिहितात. त्यांना पोर्तिको म्हणतात. शहरात सगळ्या मिळून 62 किलोमीटर भरतात. पावसात चार-चार मैल चालावं आणि छत्री उघडू नये. मीही फोटो काढले. पण मला त्यांची खरी गंमत कळली ती त्या कशा झाल्या ते ऐकल्यावर. इथलं विद्यापीठ 1088 पासूनचं मानतात. पुढे पोरं लोटली, कारागीर आले, सगळ्यांना राहायला जागा हवी. गावाला तट, जमीन वाढणार नाही. मग घरमालकांनी काय केलं, वरचे मजले तुळयांवर रस्त्याच्या अंगाला पुढे काढले. एक खोली वाढली, एक भाडेकरू वाढला. खोली आणखी पुढे आली तशी तिला खालून खांब द्यावे लागले. खांबांच्या आत जी सावली पडली तो पोर्तिको. सरकारने ते पाडले नाहीत. उलट 1288 मध्ये हुकूम काढला की नवीन घर बांधाल तर पोर्तिको हवाच. उंची मात्र बोलोन्याच्या फुटांनी सात, म्हणजे साधारण 2.66 मीटर, घोडेस्वार खालून जाईल इतकी. जागा मालकाची, जाण्यायेण्याचा हक्क सगळ्यांचा. पुण्यात आम्ही गॅलरी बंद करून तिची खोली केली तर महानगरपालिकेची नोटीस येते. यांना 2021 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

हे ऐकल्यापासून त्या लाल-केशरी भिंतींखालून चालताना मला सारखं वाटायचं की माझ्या डोक्यावर कोणा भाडेकरूचा पलंग आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी दूरच्या गावाहून आलेला एखादा पोरगा त्या पुढे काढलेल्या खोलीत, थंडीत कुडकुडत, शेजाऱ्याच्या खोकल्याने जागा असेल. आणि आता माझा पोरगा. मधल्या काळात भाडं तेवढं वाढलं.

लाकडी पोर्तिको आता थोडेच उरलेत, कारण 1568 मध्ये लाकूड काढून वीट-दगड बसवायचा फतवा निघाला होता. स्त्रादा माज्जोरेवरच्या कासा इझोलानीला अजून ओकच्या लाकडाचे खांब आहेत, जवळपास नऊ मीटर उंच. त्याच्या छतात तीन बाण अडकलेत म्हणतात. नवऱ्याने बायकोला मारायला तीन तिरंदाज पाठवले, ती खिडकीत नेसती वस्त्रंही टाकून उभी राहिली आणि तिघांचाही नेम चुकला, अशी कथा. सगळे पर्यटक माना वर करून बाण शोधत होते. मी खांबाला हात लावून उभी होते. लाकूड काळं पडलं होतं, उभ्या भेगा गेल्या होत्या, आणि भेगेत नख घातलं तर बारीक भुगा निघाला. वाड्याच्या खांबातून निघायचा तसा. मुलगा म्हणाला, “आई, वारसा कोरू नकोस.”

दिवसा मी त्याच्याबरोबर असे, त्याचे तास संपले की. एका खाणावळीत त्याने मला तोर्तेल्लोनी खायला घातले, म्हणजे पास्त्याच्या करंज्या, रिकोटा चीज भरलेल्या, लोण्यात सेजची पानं परतून. लहान भाऊ तोर्तेल्लिनी आपल्यासाठी नाहीत, त्यांच्या सारणात मांस असतं. दोन मनोऱ्यांपाशी नेलं. त्यातला बुटका गारिझेंदा, 48 मीटरचा, 2023 पासून भोवती कडं करून ठेवलेला, कारण तो फारच कलायला लागला. पेठेतल्या कुठल्याही वाड्यावरची ‘धोकादायक’ पाटी आठवली. उंच असिनेल्लीवर पदवी मिळण्याआधी विद्यार्थी चढत नाहीत, चढलं तर पदवी हुकते म्हणे. याने मला हे सांगताना आवाजात जराही चेष्टा नव्हती. पदव्यांच्या बाबतीत हा मुलगा लहानपणापासून देवभोळा आहे.

मग एका संध्याकाळी त्याने मला पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकातल्या पोदेस्ताच्या, म्हणजे जुन्या काळच्या नगराधिकाऱ्याच्या, वाड्याखाली नेलं. तिथे एका मनोऱ्याच्या खाली घुमटी आहे, चार बाजूंनी रस्ते मिळतात, गर्दी सारखी आरपार जात असते. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की ते समोरच्या तिरक्या कोपऱ्यात ऐकू येतं. मधल्या माणसांना काही कळत नाही. जुन्या काळी पाद्री महारोग्यांची पापांची कबुली अशी लांबून ऐकत, असं सांगतात. मला त्याने एका कोपऱ्यात उभं केलं, शिक्षा झालेल्या पोरासारखं, नाक भिंतीला. मागून सायकली, बुटांचे आवाज, कोणाचं हसणं. आणि अचानक विटांमधून, कानाशी लागूनच, “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग.” मी हसले. “ऐकू येतंय का गं?” म्हटलं, येतंय. मग थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं खेळ संपला, मी वळणार इतक्यात भिंत म्हणाली, “तू आलीस ते बरं झालं. मला इथे रात्री फार…” पुढचं गेलं. एक बाबागाडी खडखडत मधून गेली त्यात गेलं, की त्यानेच सोडून दिलं, माहीत नाही. मी विटेला म्हटलं, “काय म्हणालास?” विटेने उत्तर दिलं नाही. मागे वळले तर तो समोरून हात खिशात घालून येत होता. “जेलातो खायचं?” म्हणाला. आम्ही जेलातो खाल्लं. मी पिस्ता, त्याने काहीतरी अंजिराचं. त्या वाक्याचा विषय ना त्याने काढला ना मी.

रात्री तो बोलोन्यीनाला जायचा आणि मी जिना चढून माझ्या फाकेत.

नोव्हेंबर होता, पावसाळी धुकं होतं, आणि तिसऱ्या रात्री खोकला सुरू झाला तो सुरुवातीला सांगितलेला. पलीकडचा माणूस मी कधी पाहिला नाही. नाश्त्याच्या खोलीत टेबलांवर खोल्यांचे नंबर लावलेले होते. अठराच्या टेबलावर मी जाईपर्यंत नाश्ता झालेला असायचा. रिकामी कॉफी, जर्दाळू जॅमची पुरी पुसून खाल्लेली डबी, आणि संत्र्याचं साल. एकच अखंड, गोल गोल काढलेलं, बशीत पुन्हा संत्र्याच्या आकारात बसवून ठेवलेलं. या सालावरून मी त्या माणसाचं वय, स्वभाव, वैवाहिक स्थिती सगळं ठरवून टाकलं होतं. असं साल काढणारा माणूस खोकणाऱ्याला दटावायला भिंत ठोकेल का? एकदा वाटे, शक्यच नाही. एकदा वाटे, नेमका असाच ठोकेल.

टकटकीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कॉफीशेजारी गरम दुधाचा पेला होता आणि वाटीत मध. बाई गळ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तोस्से, तोस्से.” खोकला. मी विचारलं, म्हणजे खुणेने विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? अठराच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्यांनी खांदे उडवले, कानामागे हात धरला, मग छताकडे पाहिलं. याचा अर्थ ‘मलाच ऐकू आलं’ असा होतो, ‘त्यांनी सांगितलं’ असाही होतो, आणि ‘या घरात सगळ्यांना सगळं ऐकू येतं’ असाही. मी दूध प्यायले. एक हळद तेवढी राहिली. बाकी आईचंच दूध होतं.

पुढच्या रात्री मी भिंतीकडे पाठ करून, तोंडावर पांघरूण घेऊन, अगदीच अनावर झालं तर न्हाणीघराच्या प्लास्टिकच्या खोक्यात जाऊन खोकत होते. पलीकडे सामसूम. शेवटच्या रात्री खोकला जवळजवळ थांबला होता आणि झोप मात्र येत नव्हती. वर ती दोन बाळं अंधारातही फीत ओढत होती. मी उठून भिंतीपाशी गेले, बोटाचं पेर टेकवलं. दोनदा वाजवून बघावं का? पण इथल्या भाषेत दोनचा अर्थ काय होतो, मला कुठे माहीत होता. हात मागे घेतला.

सकाळी दहाला मुलगा बॅग उचलायला येणार होता. नऊच्या सुमाराला मी बोळात आले तर अठराचं दार सताड उघडं. दाराशी चादरींचा ढीग, साबणाची बाटली, झाडू. माणूस गेला होता. साफसफाईची बाई आत न्हाणीघरात होती, नळ सोडलेला ऐकू येत होता. मी इकडेतिकडे बघितलं आणि आत शिरले.

वर पाहिलं. फीत भिंतीतून बाहेर येत होती, वीतभर. पुढे काही नव्हतं. कधीतरी वरून पाणी मुरलं असणार. अर्ध्याअधिक छताला नवा गिलावा करून पांढरा रंग दिला होता, स्वच्छ, सपाट, एक माशी बसलेली. बाळं नाहीत, आभाळ नाही. एका कडेला माळेतली चार पानं तेवढी उरलेली. आठ दिवस माझी बाळं गाल फुगवून या पांढऱ्या रंगाला ओढत होती.

पलंग माझ्या भिंतीला लागून होता. उशाकडची लाकडी फळी खिळखिळी झालेली, एका बाजूचा स्क्रू निघून आलेला. मी सहज हाताने ढकलली. ती भिंतीवर आपटली, मागे आली, पुन्हा आपटली. टक. टक. बस, एवढंच. झोपलेल्या माणसाने कूस बदलली तर होईल एवढंच. आता त्याने कूस माझ्या खोकल्यामुळे बदलली असेल, तर ते दटावणं धरायचं की नाही, असा विचार करत मी तिथेच उभी राहिले. फळी पुन्हा एकदा ढकलली.

न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता. त्याच्यावर आवाज चढवून आतून बाई ओरडली, “आवांती!”